आईवडिलांचे न उलगडणारे दुखणे आणि दुसरे वैद्यकीय मत



वडिलांचे चालणे मंदावते, आईचा हात थरथरू लागतो, ओळखीची नावे आठवेनाशी होतात. तपासण्या होतात, परंतु नेमके निदान होत नाही. अशा वेळी दुसऱ्या डॉक्टरांना विचारणे म्हणजे आपल्या नेहमीच्या डॉक्टरांवर अविश्वास दाखविणे, असे समजून अनेक कुटुंबे 'वय झाले' एवढ्यावरच थांबतात. आम्हांला हा संकोच अनाठायी वाटतो.

वार्धक्याची वाटणारी सर्वच लक्षणे वार्धक्याची नसतात. मेंदूतील पोकळ्यांत द्रव साठल्यास पावले जमिनीला चिकटल्यासारखी पडतात, लघवीवरील ताबा सुटतो आणि स्मरणशक्ती मंदावते. काही रुग्णांत शस्त्रक्रियेने नळी बसवून हा द्रव वळविता येतो. किरकोळ पडल्यानंतर कित्येक आठवड्यांनी कवटीच्या आत रक्त साठल्याचे आढळते. बी-१२ जीवनसत्त्वाच्या अभावी पायांना मुंग्या येतात, तोल जातो. चक्करेसाठी दीर्घकाळ घेतलेल्या सिनारिझीनसारख्या गोळीमुळेही पार्किन्सनसारखा कंप उद्भवू शकतो. यांपैकी बऱ्याच विकारांत वेळीच उपचार झाल्यास सुधारणा होऊ शकते. मात्र कोणतेही औषध स्वतःच्या मनाने बंद करू नये.

दुसऱ्या मतासाठी न्यूरॉलॉजिस्टकडे, म्हणजे मज्जासंस्थेच्या तज्ज्ञांकडे, पूर्ण तयारीने जावे. एमआरआयच्या अहवालासोबत त्याच्या फिल्म अथवा सीडीही न्याव्यात. चालू औषधांची यादी करावी, तीत काढे व आयुर्वेदिक गोळ्याही लिहाव्यात. कोणते लक्षण केव्हा सुरू झाले आणि कसे वाढले, याची तारीखवार नोंद ठेवावी. भारतीय वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार मागणी केल्यापासून ७२ तासांत रुग्णाला आपली कागदपत्रे मिळावयास हवीत. नवे मत पहिल्या डॉक्टरांनाही मोकळेपणाने कळवावे.

परंतु तोंड अचानक वाकडे झाले, एक हात लुळा पडला वा बोबडी वळली, तर मतांची वाट पाहू नये. रुग्णाला तत्काळ इस्पितळात न्यावे. रक्ताची गुठळी विरघळविणारे इंजेक्शन साधारणतः पहिल्या साडेचार तासांतच देता येते.

या साऱ्यात आईवडिलांना विसरू नये. त्यांच्यादेखत त्यांच्याविषयी बोलण्याऐवजी त्यांच्याशी बोलावे, त्यांची संमती घ्यावी. चौथ्या आज्ञेतील मातापित्यांचा मान तो हाच. सिराकच्या ग्रंथाचा ३८ वा अध्याय आजाऱ्याला प्रार्थना करावयास सांगतो आणि वैद्यालाही बोलवावयास सांगतो. म्हणून धर्मगुरूंना अभ्यंगासाठी बोलावणे आणि तज्ज्ञांना भेटणे यांत विरोध नाही.

कधीकधी दुसरे मतही पहिल्यासारखेच येते, आजार बरा न होणारा ठरतो. तरीही शंकेत जाणारे दिवस संपतात आणि सेवेची दिशा ठरते. पोप जॉन पॉल दुसरे यांनी पार्किन्सनने थरथरणारा हात जगापासून लपविला नाही. २००५ साली देवाघरी जाईपर्यंत ते आपल्या पदावर राहिले. आपल्या घरातील थरथरत्या हातांनाही तोच सन्मान लाभो, ही प्रभुचरणी प्रार्थना.