वडगांवची मोहीम : पटावरील डाव व पत्रांवरील पैवस्ती

बुद्धिबळास युद्धाचें चित्र म्हणण्याची वहिवाट जुनी आहे. परंतु त्या चित्रांत दोन उणिवा आहेत. पहिली ही कीं, एका बाजूचें सर्व सैन्य एकाच डोक्यानें चालतें. दुसरी ही कीं, दोन्ही पक्षांस सर्व पट उघडा दिसतो. खऱ्या मोहिमेंत सरदार अनेक, त्यांचे हेतु अनेक, आणि डोंगरापलीकडे काय चाललें आहे तें पत्र येईपर्यंत कोणासच ठाऊक नसतें. या उणिवा भरून काढणारा, अनेकांनीं दोन पक्ष करून खेळावयाचा मोहिमेचा डाव कसा मांडावा, व जुन्या कागदांच्या संग्राहकास त्याचा उपयोग काय, हें येथें सांगावयाचें आहे.

पहिल्या उणिवेवरील उपाय आपल्या देशांतच सांपडतो. वंगदेशीय स्मार्त रघुनंदन याच्या सोळाव्या शतकांतील तिथितत्त्वांत फाशांनीं खेळावयाच्या चतुरंगाचें वर्णन आहे. त्यांत राजे चार. दोन दोन मिळून मित्रपक्ष. परंतु मित्राच्या सिंहासनावर आपला राजा जाऊन बसला, तर मित्राचें सैन्यहि आपल्या हुकमतीखालीं येतें. म्हणजे मित्र हाच अर्धा प्रतिस्पर्धी. दुसऱ्या उणिवेवरील उपाय प्रशियाच्या सैन्यांतील राइसवित्स या अधिकाऱ्यानें १८२४ त प्रसिद्ध केलेल्या युद्धक्रीडेंत आहे. दोन्ही पक्षांनीं हुकूम लिहून पंचाकडे द्यावे, आणि पंचानें ज्यास जेवढें दिसणें शक्य तेवढेंच त्यास दाखवावें. आमचा डाव या दोहोंच्या मिश्रणानें सिद्ध झाला आहे.

विषय शोधावयास आम्हांस दूर जावें लागलें नाहीं. आमचें राहणें मुळा-पवनांच्या संगमालगतच्या सांगवीस. येथून वायव्येस, चिंचवडापलीकडे, तळेगांव व वडगांव हीं गांवें आहेत. राघोबादादांस पुण्याच्या गादीवर आणण्याच्या मिषानें मुंबईकर इंग्रजांची सुमारें ३,९०० ची फौज नोव्हेंबर १७७८ त निघाली. ती २३ डिसेंबरास घाट चढून आली. ४ जानेवारी १७७९ रोजीं कार्ल्यास कॅप्टन स्ट्यूअर्ट, म्हणजे आपला ‘इष्टुर फांकडा’, पडला. ९ तारखेस फौज तळेगांवीं पोहोंचली. ११ च्या रात्रीं अवजड तोफा तळ्यांत टाकून ती मागें फिरली. दुसऱ्या दिवशीं वडगांवीं कोंडली गेली. आणि १६ तारखेस तह झाला. घाटमाथ्यापासून तहापर्यंत दिवस पंचवीस. म्हणून आमच्या डावांत पाळ्याहि पंचवीस. हे सर्व दिवस शके १७०० च्या पौषाजवळचे असून एकाच जिल्हेज महिन्यांत पडतात. त्यामुळें चिठ्यांवर ‘छ’ घालून मित्या लिहिणें सोपें जातें.

डावाची मांडणी येणेंप्रमाणें. पुणेंकर पक्षांत खेळाडू चार : नाना फडणीस, महादजी शिंदे, तुकोजी होळकर व हरिपंत फडके. इंग्रज पक्षांत पांच : फौजेबरोबरच्या कमिटीचे कार्नॅक व एगर्टन, मुंबईचें कौन्सिल, स्वतः राघोबादादा, आणि बंगालहून खुष्कीनें येणारा गॉडर्ड. पूर्ण नकाशा एकट्या पंचापुढें. बाकी प्रत्येकापुढें कोरा नकाशा. त्यावर त्यानें स्वतः पाहिलेलें किंवा पत्रानें कळलेलें तेवढेंच मांडावें.

पहिला नियम हेतूंचा. पक्षाचा हेतु एक असला तरी प्रत्येक खेळाडूस पंच एक गुप्त हेतु देतो. १७७८ मधील मोरोबा फडणिसांच्या खटपटींत तुकोजी मोरोबाच्या बाजूस होते. सबब आमच्या डावांतील नानांनीं त्यांजवर विश्वास टाकावा कीं पाळत ठेवावी, हा पेंच पहिल्याच दिवशीं उभा राहतो. दुसरा नियम मतांचा. इंग्रज फौज कमिटीच्या बहुमतानें चालते. तिसरा सभासद मॉस्टिन आजारी पडून मुंबईस परतला व १ जानेवारीस वारला. म्हणून त्याचें मत प्रारंभीं पंच देतो व पुढें तें नाहींसें होतें. मग दोघांचा मतभेद झाला कीं फौज जागच्या जागीं. तिसरा नियम उजाड करण्याचा. पुणेंकरांनीं तळेगांव जाळून टाकलें होतें, आणि प्रसंगीं चिंचवड व खुद्द पुणेंहि जाळण्याचा बेत होता. डावांत गांव जाळल्यास शत्रूचा दाणाचारा तुटतो; परंतु नानांनीं त्या गांवाचें नांव स्वहस्तें लिहून सही केली पाहिजे. आमच्या येथें ‘चिंचवड’ हीं चार अक्षरें लिहितांना खेळाडूची लेखणी बराच वेळ थबकली.

चौथा नियम पत्रांचा, आणि तोच या डावाचा प्राण. एका पक्षाच्या खेळाडूंनींहि परस्परांशीं बोलूं नये; लिहावें. चिठीवर लिहिल्याची मिति घालावी. पंचानें अंतर पाहून व फांसा टाकून ती योग्य पाळीस पोहोंचवावी, आणि तिजवर पैवस्तीची मिति घालावी. वाटेंत शत्रूचे स्वार असतील तर चिठी त्यांच्या हातीं द्यावी.

हा डाव आम्हीं आमच्या जुन्या विद्यार्थ्यांकडून सांगवीस घरीं खेळविला. ५ जानेवारीच्या पाळीस हरिपंतांनीं तुकोजींस तळेगांवच्या वाटेवर येऊन मिळण्याविषयीं लिहिलें. तुकोजी आले नाहींत. उलट दूर गेले. नानांनीं त्यांस फितूर ठरवून त्यांची रसद बंद केली, आणि दोघां मित्रांत खरोखरीचे कडवे शब्द झाले. डाव संपल्यावर चिठ्या उलगडल्या. हरिपंतांच्या चिठीवर पैवस्ती ८ ची होती. आणि ६ लाच तुकोजींस नानांचा स्वतःचाच आधींचा हुकूम पोहोंचला होता कीं, घाटाची वाट राखावी. तुकोजींनीं हुकूमच पाळला होता. चिठ्यांवर नुसत्या लिहिल्याच्या मित्या असत्या, तर त्या घरांतील प्रत्येकानें त्यांस फितूरच म्हटलें असतें.

यावरून इतिहासांतील तुकोजींविषयीं कांहींच सिद्ध होत नाहीं. डाव हा पुरावा नव्हे. डाव एवढेंच शिकवितो कीं, कोणाच्या वर्तनाचा न्याय करण्यापूर्वीं त्या दिवशीं त्याच्या हातीं काय होतें तें विचारावें. प्रत्यक्ष मोहिमेंतहि हेंच दिसतें. वडगांवीं अडचणींत सांपडलेल्या कमिटीनें गॉडर्डास माघारी जाण्याचा हुकूम लिहिला व मागाहून तो थांबविला. तो ३० जानेवारीस बऱ्हाणपुरास होता. परस्परविरुद्ध पत्रांचा अर्थ स्वतःच लावून तो पुढें निघाला व फेब्रुवारीअखेर सुरतेस पोहोंचला. तेथून पुढील युद्धाचें पारडें फिरलें. कोणतें पत्र कोणत्या दिवशीं हातीं आलें हें वगळून त्याच्या निर्णयाचा अर्थ लागत नाहीं.

आतां एक कबुली. तरुणपणीं आम्हीं एका घरच्या रुमालांतील मोडी पत्रें उतरून घेतलीं. मजकूर व मिति अक्षरशः घेतली. परंतु माथ्यावर किंवा पाठीवर वेगळ्या हातानें लिहिलेली ‘पैवस्ती’ कारकुनी खूण समजून सोडून दिली. पुढें तो रुमाल वाळवीनें खाल्ला. आज आमच्या वहींत पत्रें आहेत. तीं केव्हां पोहोंचलीं हें जगांत कोठेंच नाहीं. त्या पत्रांतील कोणा हुकूम न पाळणाऱ्या माणसाचा न्याय आतां कोणासहि करतां येणार नाहीं, आणि हा दोष आमचा.

म्हणून संग्राहकांस विनंति एवढीच : कागद चिकटवितांना पाठ झांकूं नये, समास कातरूं नये, नक्कल करतांना पैवस्तीची ओळ प्रथम उतरावी. आणि शंका वाटल्यास नऊ माणसें जमवून एक दिवस हा डाव खेळून पाहावा.