जंगलात जाताना पुस्तक कोणते न्यावे?

सुट्ट्यांचे वेध लागले, की पुण्या-मुंबईकडील अनेक कुटुंबे ताडोबा, पेंच किंवा नवेगावचे बेत आखू लागतात. सफारीचे आरक्षण, निवास, प्रवास यांवर बराच खर्च होतो. बरोबर पुस्तक कोणते न्यावे, हा विचार मात्र निघण्याच्या आदल्या संध्याकाळी सुचतो आणि दुकानातले सर्वांत जाड, चकचकीत पुस्तक पिशवीत पडते. ही उणीव मोबाइलने भरून काढण्याची सोयही उरलेली नाही, कारण ताडोबासारख्या व्याघ्र प्रकल्पांत सफारीदरम्यान मोबाइल वापरण्यास मनाई आहे. फांदीवरचा पक्षी कोणता, हे सांगायला पुन्हा छापील पुस्तकच हाताशी हवे.

‘गाइड’ या एकाच नावाखाली निरनिराळी पुस्तके विकली जातात. प्रवेशशुल्क, प्रवेशद्वारांच्या वेळा आणि निवासाची माहिती देणारी प्रवासपुस्तके त्यांत सर्वांत लवकर शिळी होतात; ती माहिती वनविभागाच्या संकेतस्थळावरून घ्यावी. व्यंकटेश माडगूळकरांचे ‘नागझिरा’ किंवा मारुती चितमपल्लींचे ‘नवेगावबांधचे दिवस’ ही पुस्तके घरी, जाण्याआधी वाचायची. जंगलात पाहायचे काय, याची दृष्टी ती देतात. पण धावत्या जीपमध्ये त्यांचा उपयोग नाही. तिथे हवी ती ओळखपुस्तिका, आणि खरी निवड तिचीच करायची असते.

ओळखपुस्तिका घेताना पहिला प्रश्न प्रदेशाचा. मावळातल्या वाचकाने सह्याद्रीच्या वनस्पतींवरचे पुस्तक घेतलेले असेल, तर ते कामशेतजवळच्या वडिवळे धरणाच्या परिसरात उत्तम चालेल. श्रीकांत इंगळहळीकरांचे ‘फ्लॉवर्स ऑफ सह्याद्री’ (२००१) हे त्याचे चांगले उदाहरण. तेच पुस्तक घेऊन ताडोबात गेल्यास निराशा होईल. तिथले रान साग, बांबू, ऐन आणि तेंदूचे. पावसाळी घाटमाथ्यावरची कारवी तिथे शोधून काय उपयोग? ताडोबासाठी प्रदीप क्रिशन यांचे मध्य भारतातील जंगलवृक्षांवरचे इंग्रजी पुस्तक अधिक कामाचे. चांदोली राष्ट्रीय उद्यानाला जायचे असेल, तर मात्र सह्याद्रीचेच पुस्तक बरोबर असावे.

दुसरा प्रश्न आवृत्तीचा, आणि येथेच बहुतेकांची फसगत होते. सलीम अलींचे ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्स’ १९४१मध्ये प्रथम प्रसिद्ध झाले आणि त्याने भारतात पक्षिनिरीक्षकांच्या पिढ्या घडवल्या. त्याबद्दलचा आदर कायम ठेवूनही हे सांगायला हवे, की वडिलांच्या कपाटातली जुनी प्रत आज एकटी पुरेशी नाही. रानपिंगळ्याचेच पाहा. १८८४नंतर शंभराहून अधिक वर्षे या घुबडाची खात्रीशीर नोंद नव्हती. नोव्हेंबर १९९७मध्ये पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तो आजच्या नंदुरबार जिल्ह्यातील शहाद्याजवळ पुन्हा दिसला. पुढे मेळघाटातही तो आढळला. त्याआधीचे पुस्तक घेऊन मेळघाटात उतरणाऱ्या पर्यटकाच्या लेखी हा पक्षी नाहीसाच झालेला असणार! पश्चिम घाटातल्या व्हिगर्सच्या सूर्यपक्ष्याची कथा वेगळी. तो दीर्घकाळ लाल सूर्यपक्ष्याची उपजात मानला जात होता. रासमुसेन आणि अँडरटन यांच्या २००५च्या ग्रंथाने त्याला स्वतंत्र जात मानले.

छायाचित्रांचे पुस्तक घ्यावे की रेखाटलेल्या चित्रांचे? आमचा कल चित्रांकडे. छायाचित्रात एकच पक्षी, एकाच प्रकाशात, एकाच क्षणी दिसतो. चित्रकार मात्र नर, मादी आणि पिल्लू शेजारी शेजारी मांडून नेमका फरक दाखवतो. स्वर्गीय नर्तकाचा प्रौढ नर पांढराशुभ्र आणि लांब शेपटीचा असतो, मादी तांबूस आणि आखूड शेपटीची. पुस्तकात एकटा नरच असेल, तर मादी पाहून ‘हा कुठला नवा पक्षी’ म्हणून घरातली मंडळी वाद घालत बसतील. ग्रिमेट आणि इन्स्किप दांपत्याचे भारतीय उपखंडातील पक्ष्यांवरचे पुस्तक या दृष्टीने भरवशाचे. मात्र त्याची खिशात मावणारी आवृत्तीच सफारीला न्यावी. मोठा ग्रंथ खोलीवर राहू द्यावा.

पुस्तक विकत घेतल्यावर ते पारखण्यासाठी ताडोबापर्यंत थांबण्याचे कारण नाही. हिवाळ्यातल्या एखाद्या रविवारी ते वडिवळ्यासारख्या जवळच्या पाणवठ्यावर न्यावे आणि धोबी पक्ष्यांवर तपासावे. काळ्या डोक्यावर ठळक पांढरी भुवई असलेला मोठा धोबी आपल्याकडे बारमाही राहतो. पांढऱ्या चेहऱ्याचा, राखाडी पाठीचा पांढरा धोबी थंडीतच येतो. हा फरक पुस्तक एका नजरेत दाखवते का? नकाशात निवासी आणि स्थलांतरित पक्ष्यांसाठी वेगळे रंग आहेत का? सूचीतून पान काही क्षणांत सापडते का? तिन्हींचे उत्तर नकारार्थी असेल, तर खडबडीत रस्त्यावर हिंदकळणाऱ्या जीपमध्ये ते पुस्तक मुळीच साथ देणार नाही. अर्थात पुस्तक चांगले असले तरी आधी पक्षी पाहावा. चोच, आकार, पायांचा रंग मनात टिपावा आणि मगच पान उलटावे. पानात डोके घातलेल्या माणसासमोरून वाघ निघून गेल्याच्या कथा वाटाड्यांकडे हमखास ऐकायला मिळतात.

मराठी वाचकाची आणखी एक अडचण नावांची आहे. पुस्तके बहुतेक इंग्रजीत आणि जंगलातला वाटाड्या बोलतो ते नाव निराळेच. रानकुत्र्याला कुठे कोळसुंदा म्हणतात, तर पुस्तकात ‘ढोल’ छापलेले असते. चितमपल्लींच्या ‘पक्षीकोशा’ने पक्ष्यांच्या नावांबाबत हे काम पुष्कळ सोपे केले आहे. घरी बसून आपल्या ओळखपुस्तिकेच्या समासात पेन्सिलीने मराठी नावे लिहून काढावीत आणि सफारीत वाटाड्याने सांगितलेले नाव त्याच ओळीत पुढे जोडावे.