बायबल ओवीत, अल्ला-हरी एकत्र! मराठी साहित्याचा ४०० वर्षांचा हा धागा समजून घ्या

नवी मुंबई : उस्मानाबादच्या ९३व्या मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी २०१९ मध्ये फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची निवड झाली. तेव्हा ख्रिस्ती धर्मगुरू अध्यक्ष कसा, असा आक्षेप काहींनी घेतला होता. त्याचे उत्तर ४०० वर्षांपूर्वीच्या एका ग्रंथात सापडते.

'क्रिस्तपुराण' म्हणजे काय?
मूळचे इंग्लंडचे जेझुइट धर्मगुरू थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले. मराठी शिकून त्यांनी बायबलची कथा सुमारे ११ हजार ओव्यांत लिहिली. ती १६१६ मध्ये राचोल येथे छापली गेली. 'पहिले पुराण' जुन्या करारावर आधारलेले आहे, तर 'दुसरे पुराण' येशूच्या चरित्रावर.

ओवीच का?
धर्मांतरानंतर लोकांची जुनी पुराणे सुटली. मग वाचायचे, ऐकायचे काय? स्टीफन्स यांनी ज्ञानेश्वर-एकनाथांची ओवी घेतली. स्वर्गासाठी 'वैकुंठ' हा ओळखीचा शब्द वापरला. कथा दूरदेशीची असली, तरी चाल घरचीच होती.

ग्रंथ टिकला कसा?
१६८४ मध्ये पोर्तुगीजांनी स्थानिक भाषेच्या वापराविरुद्ध हुकूम काढला. 'क्रिस्तपुराणा'च्या रोमन लिपीत छापलेल्या पहिल्या तीन आवृत्त्यांची एकही प्रत आज सापडत नाही. मात्र गोव्यातून मंगळूरकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी हा ग्रंथ जपला. हस्तलिखितांवरून १९०७ मध्ये तो मंगळूरला पुन्हा छापला गेला. १९५६ मध्ये पुण्यातून देवनागरी आवृत्ती आली.

इस्लामशी नाते कोणते?
श्रीगोंद्याचे संतकवी शेख महंमद सूफी कादरी परंपरेतले. त्यांनीही 'योगसंग्राम' हा ग्रंथ ओवीतच लिहिला. ईश्वर एकच, ही इस्लामची मूळ शिकवण. शेख महंमद यांनी ती वारकऱ्यांना कळेल अशा भाषेत मांडली. त्यांच्या रचनांत अल्ला आणि हरी ही एकाच ईश्वराची नावे ठरतात.

पुढे काय झाले?
रेव्हरंड ना. वा. टिळक यांनी ओवीतच 'ख्रिस्तायन' लिहायला घेतले. १९१९ मध्ये त्यांचे निधन झाले आणि ते काम लक्ष्मीबाई टिळक यांनी पुढे नेले. वसईच्या दिब्रिटो यांनी 'सुबोध बायबल' आजच्या सोप्या मराठीत आणले.

आक्षेपानंतरही जानेवारी २०२० मधले ते संमेलन दिब्रिटो यांच्याच अध्यक्षतेखाली झाले. २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले. धर्मगुरूने मराठीत लिहिणे ही काही त्यांच्यापासून सुरू झालेली गोष्ट नव्हती. राचोलच्या छापखान्यात ती १६१६ मध्येच घडली होती.