पोट बरे झाले, मग गुडघा का सुजला?

समजा, गटारीच्या रविवारी लालबागच्या तुमच्या घरी कोंबडीचा बेत झाला. दुसऱ्या दिवशी ताप, मुरडा, जुलाब. चार दिवस पेजेवर आणि मीठ-साखरेच्या पाण्यावर काढून तुम्ही पुन्हा कामाला लागलात. तीन आठवड्यांनी गणपतीसाठी माळ्यावरची भांडी काढायला गेलात, तर गुडघा टम्म सुजलेला, टाच जमिनीला टेकवत नाही! सासूबाई म्हणतात, "पावसाळी वात आहे, आंबट बंद कर." शेजारच्या काकू तेलाची बाटली घेऊन येतात. मागच्या जुलाबांची आठवण मात्र कुणालाच होत नाही.

मैत्रिणींनो, नेमके तेच डॉक्टरांना सांगायला हवे. साल्मोनेला, शिगेला, कॅम्पिलोबॅक्टर असे जंतू अन्नपाण्यातून पोटात गेले, की क्वचित काहींना एक ते चार आठवड्यांनी सांधेसूज येते. जंतूंशी लढणारी शरीराची संरक्षणव्यवस्थाच सांध्यांवर उलटते. 1962 साली एका अमेरिकन युद्धनौकेवर सहाशेच्या वर खलाशांना हगवण लागली. त्यांतल्या नऊ-दहा जणांना पुढे हे दुखणे झाले. वीस ते चाळीस हे याचे नेहमीचे वय. म्हणजे 'आता वय झालं' म्हणून गप्प बसू नका!

गुडघा, घोटा, टाच दुखते. कधी डोळे लाल होतात, लघवीला जळजळते. डोळा दुखू लागला, उजेड सोसेना, तर लगेच दाखवा. एकच सांधा लाल, गरम झाला आणि ताप भरला, तर त्याच दिवशी इस्पितळ गाठा. सांध्यात पू असू शकतो. वेदनाशामक गोळ्या मनाने घेऊ नका. परळच्या के.ई.एम. रुग्णालयात संधिविकारांचा स्वतंत्र विभाग आहे. बहुतेकजणी काही महिन्यांत बऱ्या होतात. काहींचे दुखणे मात्र रेंगाळते.

आणि स्वयंपाकघरात? कच्च्या मटण-मासळीची सुरी आणि पाट वेगळा ठेवा. कोंबडी धुताना जंतू ओट्यावर उडतात; ती न धुता नीट शिजवा. अंडे आतपर्यंत शिजू द्या. उरलेले जेवण ओट्यावर न ठेवता लवकर फ्रीजमध्ये टाका, खाताना वाफ येईतो गरम करा. शौचानंतर आणि कणकेला हात लावण्यापूर्वी साबण हवाच.

घरात कुणाला जुलाब झाले, की कॅलेंडरवर तारीख लिहून ठेवा. दुधाचा हिशेब लिहितोच ना आपण? मग स्वतःच्या दुखण्याचाही एक आकडा तिथे असू द्या.