हाड घडण्याचे दिवस

नुकत्याच जन्मलेल्या शिंगराचे पाय बाकीच्या अंगाला शोभणार नाहीत इतके लांब असतात. गुडघ्याखालची नळी तर जवळजवळ मोठ्या घोड्याच्याच मापाची. छाती, पाठ, पुठ्ठे, मान हे सगळं मागाहून भरतं. थरोब्रेड जातीचं शिंगरू जन्मतः साधारण ५० किलोचं असतं आणि पूर्ण वाढलेला घोडा ५०० किलोंचा. सहाव्या महिन्यात ते या वजनाच्या ४५ टक्क्यांच्या आसपास पोचतं आणि वर्षाचं होईतो दोन तृतीयांशाजवळ जातं. उंची तर याच्याही पुढे धावते. पहिल्या वाढदिवशी ती नव्वद टक्के झालेली असते. उद्या महालक्ष्मीला किंवा पुण्याच्या रेसकोर्सवर ज्याच्यावर लोक डोळे लावून बसणार, त्याचा सांगाडा तोंडात लगाम जाण्याआधीच बराचसा उभा राहिलेला असतो.

मी पशुवैद्य आहे. परळच्या कॉलेजात शिकले आणि पुण्याच्या आसपासच्या स्टड फार्मवर रमले. धावणारा घोडा लंगडला की धावपळ करायला पुष्कळ जण असतात. माझा जीव मात्र चंदीच्या खोलीत अडकलेला असतो. कारण तीन वर्षांच्या घोड्याच्या सांध्यात मला जे दिसतं, त्याचं मूळ बऱ्याचदा त्याच्या सहाव्या-सातव्या महिन्यातल्या गव्हाणीत असतं.

मालकाकडून सगळ्यात जास्त वेळा ऐकू येणारं वाक्य असं: “डॉक्टर, पोर बारीक दिसतंय. वाढवा की चंदी.” त्यांची अडचण मला कळते. थरोब्रेड घोड्यांचं वय सरसकट १ जानेवारीला बदलतं. जानेवारीत जन्मलेलं आणि एप्रिलमध्ये जन्मलेलं शिंगरू कागदावर एकाच वयाचं. विक्रीच्या वेळी दोन्ही शेजारी उभी राहतात, आणि एप्रिलवालं साहजिकच लहान दिसतं. मग त्याला मागून ढकलायचा मोह होतो. धान्य वाढवलं की महिन्याभरात अंगावर चकाकी येते, पुठ्ठे भरतात, गिऱ्हाईक खूश होतं. हाड मात्र त्या वेगाने भरत नाही.

हाड वाढतं ते टोकाजवळच्या कूर्चेच्या थरातून. तिथे नवी कूर्चा तयार होत राहते आणि जुनीचं हाड बनत जातं. नळीच्या खालच्या टोकाशी हे काम पहिल्या वर्षाच्या आत आटोपतं, पण गुडघ्याच्या वरच्या हाडात ते दोन-अडीच वर्षांपर्यंत चालू असतं. एका वेळी भरपूर मका किंवा गूळ पोटात गेला की रक्तातली साखर झपकन चढते आणि तिच्यामागे इन्सुलिन. असं रोज झालं तर कूर्चेचं हाड होण्याच्या क्रमात बिघाड होऊ शकतो. वरून वजन वाढतच असतं. मग मुठ्याचा सांधा फुगून चौकोनी दिसायला लागतो, किंवा सांध्याच्या आत कूर्चेचा तुकडा सुटतो. काही घराण्यांत याची ओढ उपजतच असते, तिथे तर चंदीचा हात आणखी आखडता हवा. सहा महिन्यांच्या शिंगराने दिवसाला ७०० ग्रॅमच्या आसपास वजन घ्यावं, वर्षाच्याने साडेचारशे. त्याहून जास्त दिसलं की मी आनंदण्याऐवजी कानोसा घेते.

आता कोंड्याबद्दल, कारण आपल्याकडे सर्वांत जास्त नुकसान त्याने होतं. गव्हाचा कोंडा स्वस्त, घोड्याला आवडतो, आणि “पोटाला थंड” म्हणून त्याला मान आहे. पण किलोभर कोंड्यात फॉस्फरस दहा-बारा ग्रॅम असतो आणि कॅल्शियम जेमतेम एक-दीड ग्रॅम. सहा महिन्यांच्या शिंगराला दिवसाला सुमारे ३८ ग्रॅम कॅल्शियम आणि २१ ग्रॅम फॉस्फरस लागतो. फॉस्फरसपेक्षा कॅल्शियम दीडपट-दुप्पट असलं पाहिजे, निदान कमी तरी कधीच असू नये. हा तोल उलटा झाला की शरीर रक्तातलं कॅल्शियम सांभाळण्यासाठी हाडांतलंच उपसायला लागतं. जबड्याची आणि तोंडाची हाडं पोकळ होऊन फुगतात, चाल आखडते. पूर्वी पिठाच्या गिरणीवाल्यांच्या घोड्यांना हे हमखास व्हायचं, कारण त्यांना कोंडा फुकट मिळायचा. ओट, सातू, मका, बाजरी, हरभरा या सगळ्यांत कॅल्शियम तोकडंच. त्यांची भरपाई करतो तो लसूणघास. वाळलेल्या किलोभर लसूणघासात बारा ते पंधरा ग्रॅम कॅल्शियम असतं आणि फॉस्फरस अडीचच्या आत. शिंगरांच्या गव्हाणीत लसूणघास असावा असा माझा हट्ट आहे. गाईम्हशींसाठी लावलेलं नेपियर गवत मात्र मी त्यांना मुख्य चारा म्हणून देऊ देत नाही. त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियमला बांधून ठेवतं, आणि मग कागदावरचा हिशेब बरोबर असला तरी हाडाला काही मिळत नाही.

तांब्याचं प्रकरण तर शिंगराच्या जन्माआधीच सुरू होतं. घोडीच्या दुधात तांबं फार कमी असतं. म्हणून गाभणपणाच्या शेवटच्या महिन्यांत शिंगरू आईकडून ते घेऊन आपल्या यकृतात साठवतं आणि पुढे त्यावर काढतं. शेवटच्या तीन महिन्यांत घोडीला खनिज मिश्रण देण्यात हयगय झाली, तर नंतर शिंगराला कितीही चाटवलं तरी ती उणीव पुरती भरून निघत नाही.

एका फार्मवर चंदीची खोली सांभाळणारे एक मोतद्दार होते. सगळे त्यांना मामा म्हणायचे. त्यांचं माप म्हणजे एक पत्र्याचा डबा. ओट संपले तर तेवढेच डबे मक्याचे. मी एकदा दोन्ही डबे तराजूत ठेवले. मक्याचा डबा ओटाच्या जवळपास दीडपट भरला, आणि किलोला किलो धरलं तरी मक्यात ताकद जास्त. मामा बराच वेळ काट्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, “बाई, म्हणजे पोरांना आपण न सांगता दुप्पट घालत होतो की.” त्या दिवसापासून त्यांनी तराजू सोडला नाही. प्रत्येक शिंगराचं पंधरा दिवसांचं वजन भिंतीवरच्या पाटीवर खडूने लिहायची पद्धत त्यांचीच. अनुभवी माणसाच्या डोळ्याला मी फार मानते. पण रोज बघणाऱ्या डोळ्याला सावकाश होणारा बदल दिसत नाही, म्हणून फीत आणि काटा लागतात. अंगावरची चरबी जोखायला डॉन हेनेकी यांनी १९८३ मध्ये अमेरिकेत मांडलेली एक ते नऊ अशी मोजणी मी वापरते. वाढत्या शिंगराला पाच बरे. म्हणजे बरगड्या डोळ्यांना दिसू नयेत, पण हात फिरवताना बोटांना सहज लागाव्यात.

आपल्या हवेची एक खास अडचण आहे. जानेवारी ते एप्रिलमध्ये जन्मलेली शिंगरं पाच-सहा महिन्यांची होऊन आईपासून तुटतात ती नेमकी पावसात. आई दुरावल्याचा धक्का, चिखलामुळे पॅडॉकमध्ये सोडणं कमी, हिरवं गवत भरपूर पण त्यात पाणीच जास्त, आणि गंजीतल्या चाऱ्याला बुरशी. वजन थबकतं. पाऊस उघडला की सगळे घाबरून चंदी वाढवतात आणि शिंगरू एकदम उसळतं. असं थांबून उसळणं सांध्यांना फार महाग पडतं. म्हणून मी तोडण्याच्या महिनाभर आधीपासूनच त्याला स्वतःच्या चंदीची सवय लावते. तिसऱ्या महिन्यानंतर घोडीचं दूध उतरू लागतंच, तेव्हा घोडीचं तोंड शिरणार नाही अशा आडोशात त्याची वेगळी गव्हाण ठेवायची. चारा-चंदी मिळून सुका आहार वजनाच्या अडीच ते तीन टक्के, त्यात निम्मा तरी चारा, आणि चंदी एकदम न देता दिवसातून तीन-चार वेळा, कारण घोड्याचं जठर अंगाच्या मानाने फार लहान असतं. प्रथिनांसाठी सोयाबीनची पेंड चांगली, तिच्यात लायसिन भरपूर असतं. शेंगदाण्याच्या पेंडीत ते कमी, आणि दमट हवेत तिला विषारी बुरशी लवकर धरते. आणि पावसाची उघडीप मिळाली की शिंगरं बाहेर सोडायची. चौखूर धावल्याशिवाय हाड घट्ट होत नाही, मग कितीही खनिजं घाला.

कोंबड्यांचं खाद्य किंवा गाईंची तयार पेंड शिंगराच्या तोंडाला लागू देऊ नये. त्यांपैकी काहींत मोनेन्सिन असतं. कोंबडीला ते औषध आहे, पण घोड्याच्या हृदयाच्या स्नायूंना थोड्या मात्रेतही घातक ठरतं आणि त्यावर उतारा नाही.

हे सगळं श्रीमंत फार्मपुरतंच आहे असं मला वाटत नाही. नंदुरबार जिल्ह्यात सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो. तिथे मारवाडी आणि काठेवाडी शिंगरांना त्यांचे मालक पोटच्या पोरासारखं जपतात. दूध, तूप, बाजरी, गूळ, भिजवलेला हरभरा, सगळं प्रेमाने घालतात. दुधाला माझी हरकत नाही. तीन वर्षांच्या आतल्या जनावराला ते पचतं आणि त्यात कॅल्शियमही आहे. तूप नुसती ताकद देतं, हाडाला त्याचा उपयोग नाही. त्याच पैशात लसूणघास आणि खनिज मिश्रण येतं, एवढंच मी सांगते. दोन वर्षांच्या घोड्याला रेवाल चालीवर नाचवायची घाई असते, तेव्हा त्याच्या गुडघ्यावरची कूर्चा अजून कच्ची असते. आणि ते जनावर चंदीवर फुगवलेलं असेल, तर तो भार दुहेरी होतो.

दीड-पावणेदोन वर्षांचं झालं की रेसचं शिंगरू खोगिराला शिकतं आणि पुढे ट्रेनरच्या तबेल्यात जातं. जागा नवी, माणसं नवी, रोजची मेहनत नवी. त्यात चंदीही त्याच दिवशी बदलली तर पोटशूळ ठरलेला. म्हणून शिंगरासोबत मी एक कागद पाठवते. सध्या काय खातं, किती किलो, किती वेळा, गेल्या सहा महिन्यांची वजनं, आणि खाली ठळक अक्षरात सूचना: पहिले दोन आठवडे हीच चंदी, मग रोज थोडी थोडी बदला. गाडीत त्या दोन आठवड्यांपुरत्या ओटाच्या गोण्या आणि लसूणघासाचे भारेही चढवून देते.