किल्लीवाल्याचा परवाना कशाची हमी देतो?

किल्ली आत राहिली, दार ओढलं गेलं, लॅच लागलं. एडिसन असो की सॅन होजे, अमेरिकेतला मराठी माणूस अशा वेळी तिथले सगळे करतात तेच करतो. मोबाइलवर ‘लॉकस्मिथ’ शोधतो आणि वर दिसेल त्या नंबरला फोन लावतो. पलीकडून सांगतात, वीस-तीस डॉलरपासून सुरुवात. तासाभराने कसलंही नाव नसलेल्या गाडीतून कुणीतरी उतरतं, कुलपाकडे बघून मान हलवतं, ‘हाय सिक्युरिटी आहे, ड्रिल मारावं लागेल’ म्हणतं आणि बिल तीनशे-चारशे डॉलरवर जातं. तेही रोख द्या म्हणून तगादा. फेडरल ट्रेड कमिशन या प्रकाराबद्दल ग्राहकांना सावध करत आलं आहे. लॉकस्मिथना परवाना सक्तीचा करा, ही मागणी त्यातूनच येते. मागणी रास्त आहे, पण परवान्याच्या डोक्यावर लोक जेवढं ओझं देतात तेवढं तो पेलत नाही.

‘अमेरिकेत परवान्याशिवाय हा धंदा करताच येत नाही’

बहुतेक राज्यांत येतो. कॅलिफोर्निया, टेक्सस, न्यू जर्सी, इलिनॉय, नॉर्थ कॅरोलायना अशा मोजक्या राज्यांनीच परवाना लावला आहे. न्यू यॉर्क राज्याचा परवाना नाही, न्यू यॉर्क शहराचा मात्र आहे. न्यू जर्सीतून डेलावेअर नदी ओलांडून पेनसिल्व्हेनियात गेलात की राज्याचा नियम मागे राहिला. ब्रिटनमध्ये तर उद्या सकाळी कुणीही गाडीवर ‘लॉकस्मिथ’ रंगवून बाहेर पडू शकतो. तिथली ‘मास्टर लॉकस्मिथ्स असोसिएशन’ सभासदांची तपासणी करते, पण ती व्यवसायाची संघटना आहे आणि सभासद व्हायचं की नाही, ही ज्याची त्याची मर्जी.

‘परवाना म्हणजे कारागिरीची पावती’

ते राज्यावर अवलंबून आहे. न्यू जर्सी परीक्षा घेते. कॅलिफोर्निया बोटांचे ठसे घेते, राज्याच्या न्याय विभागाकडून आणि एफबीआयकडून गुन्ह्यांची पूर्वपीठिका तपासते, पण कुलूप उघडून दाखव असं म्हणत नाही. म्हणजे तिथला परवाना ‘हा माणूस कोण आहे ते आम्हाला ठाऊक आहे’ एवढंच सांगतो. हे कमी आहे असं मला वाटत नाही. ज्याच्या हातात आपल्या घराचं दार द्यायचं, त्याचा पत्ता सरकारदरबारी असणं मोलाचंच आहे. दर मात्र हा परवाना ठरवून देत नाही. परवानाधारकही भरमसाट बिल लावू शकतो. फरक इतकाच की त्याची तक्रार नेमकी कुणाकडे करायची ते माहीत असतं, आणि परवाना जाण्याची धास्ती त्याला असते.

‘दार बंद झालं की ड्रिलला पर्याय नसतो’

सगळी फसवणूक या एका समजुतीवर पोसली जाते, म्हणून जरा कुलपाच्या आत डोकावू. घरांच्या दारांना सर्रास बसवलं जाणारं सिलिंडरचं कुलूप १८६०च्या दशकात लायनस येल याने घडवलेल्या रचनेवर चालतं. आत पाच किंवा सहा पिनांच्या जोड्या, प्रत्येकीच्या डोक्यावर स्प्रिंग. बरोबर किल्ली घातली की प्रत्येक जोडीतली फट एका रेषेत येते आणि तेव्हाच मधला गाभा फिरतो. कसबी माणूस वाकड्या पट्टीने गाभ्यावर हलका ताण ठेवतो, दुसऱ्या हातातल्या बारीक हुकाने एकेक पिन उचलतो आणि साधं कुलूप ओरखडाही न उठवता उघडतो. नुसतं लॅच ओढलं गेलं असेल आणि वरचा डेडबोल्ट लागलेला नसेल, तर काही वेळा किल्लीच्या भोकाला हातही लावावा लागत नाही. फटीतून पातळ पट्टी सरकवून जीभ मागे ढकलली की झालं.

ड्रिलवाला किल्लीच्या भोकाच्या जरा वर, नेमका त्या रेषेवर भोक पाडतो. पितळेचा चुरा खाली सांडतो, पिना तुटतात आणि गाभा साध्या स्क्रूड्रायव्हरने फिरतो. दार उघडलं, पण कुलूप कायमचं गेलं. मग गाडीतून नवीन सिलिंडर येतं, आणि खरी कमाई त्यात असते. खरोखर दणकट किंवा बिघडलेल्या कुलपाला ड्रिल लागतं, नाही असं नाही. पण येताक्षणी ड्रिल काढणाऱ्याला दुसरं काही येत नाही, किंवा येत असलं तरी वापरायचं नसतं.

‘फसवतो तो दारात आलेला माणूस’

तो साखळीचं शेवटचं टोक. नकाशावर गल्लीचा पत्ता दाखवणारं दुकान त्या गल्लीत नसतंच; फोन दूरच्या कॉल सेंटरला लागतो आणि काम कमिशनवर कुणाला तरी दिलं जातं. खऱ्या दुकानदारांनी याविरुद्ध गुगल, मायक्रोसॉफ्ट आणि याहूवर दावा लावला होता. खोट्या नोंदी दाखवल्याबद्दल कंपन्यांना जबाबदार धरता येत नाही, असा निकाल २०१९मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने दिला. कंपन्यांना कवच मिळालं ते १९९६च्या कायद्यातल्या कलम २३०चं. पुढे २०२५मध्ये दहा हजारांहून अधिक बनावट नोंदींवरून गुगलनेच कोर्टात धाव घेतली. तिथेही धागा सापडला तो टेक्ससमधल्या एका तोतया, विनापरवाना लॉकस्मिथमुळे.

म्हणून परवान्याचा सगळ्यात कामाचा भाग म्हणजे त्याचा क्रमांक. कॅलिफोर्नियात तो जाहिरातीत छापावा लागतो आणि सरकारी संकेतस्थळावर ताडून पाहता येतो. ताडून कुणी पाहत नसेल तर तो नुसता आकडा.

‘लॉकस्मिथने ओळखपत्र मागितलं म्हणजे काहीतरी गडबड आहे’

उलट आहे. कॅलिफोर्नियात घर उघडून देण्याआधी लॉकस्मिथला ग्राहकाचं नाव, पत्ता, जन्मतारीख आणि लायसन्स किंवा ओळखपत्राचा क्रमांक लिहून घेऊन सही घ्यावी लागते. काहीच न विचारता दार उघडून देणारा उद्या दुसऱ्या कुणालाही तुमचंच दार उघडून देईल.

‘आपल्याकडे गुमास्ता असतो, तोच परवाना’

गुमास्ता ही दुकानाची नोंद. महाराष्ट्रात २०१७च्या कायद्याप्रमाणे कामगार ठरावीक संख्येपेक्षा कमी असतील तर फक्त कळवायचं असतं. त्यात मालकाचा पूर्वेतिहास कुणी तपासत नाही. खासगी सुरक्षा एजन्सींना परवाना लावणारा २००५चा केंद्रीय कायदा आहे, पण तो पहारेकऱ्यांपुरता. किल्लीवाला त्यात येत नाही. फुटपाथवर वर्षानुवर्षं एकाच जागी बसणाऱ्याची हमी त्याची ती जागाच देते. कपाटाची किल्ली बनवून देतो म्हणत घरात शिरून दागिने लांबवल्याच्या बातम्या येतात, त्या बहुधा दारोदार फिरणाऱ्यांच्या. त्यावरून सरसकट सगळ्या कारागिरांकडे संशयाने बघणं अन्यायाचं, आणि उद्या परवाना आणून त्याची फी त्या फुटपाथवाल्याला परवडू नये, हे तर त्याहून वाईट.

‘बँकेच्या लॉकरची किल्ली हरवली तर बाहेरून माणूस नेता येतो’

नाही. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२१च्या निर्देशांनुसार असा लॉकर बँकेनेच किंवा तिच्या अधिकृत तंत्रज्ञानेच उघडायचा असतो. आधी ओळख पटवायची, किल्ली हरवल्याची नोंद करायची, ग्राहकाची लेखी संमती घ्यायची आणि उघडताना ग्राहक व बँकेचा अधिकारी दोघांनीही हजर राहायचं. शेजारच्या लॉकरना धक्का लागता कामा नये. लॉकर उघडण्याचा, कुलूप बदलण्याचा आणि नव्या किल्लीचा खर्च बँक ग्राहकाकडून वसूल करू शकते.