धनुष्कोडी : बोटीला मिळणारी गाडी

धनुष्कोडीचे स्थानक केवळ गावापुरते नव्हते. १९१४ साली पांबनचा पूल खुला झाला आणि मद्रासहून निघालेला प्रवासी येथे उतरून आगबोटीने सिलोनमधील तलैमन्नारला व तेथून पुन्हा रेल्वेने कोलंबोला जाऊ लागला. म्हणूनच गाडीला ‘बोट मेल’ म्हणत. डिसेंबर १९६४ च्या चक्रीवादळात स्थानक उद्ध्वस्त झाले. एक पॅसेंजर गाडी प्रवाशांसह लाटांखाली गेली. पुढे कोकण रेल्वे उभारणाऱ्या ई. श्रीधरन यांच्या देखरेखीखाली पांबनचा पूल ४६ दिवसांत दुरुस्त झाला. गाड्या रामेश्वरपर्यंत आल्या, बोटीही तेथूनच सुटू लागल्या. धनुष्कोडीचा लोहमार्ग मात्र पुन्हा टाकला गेला नाही. मला वाटते, वादळाने गाव मोडले. पण गाडी-बोटीची गाठ दुसरीकडे बांधली गेल्यावर ते पुन्हा उभे राहण्याचे कारणच उरले नाही.